स्कायडायव्हिंग आणि कानाचे दडे: उडीच्या आधी, हवेत आणि उतरल्यावर काय करायचं

भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी तलावपाळीला फेरी मारत होते. "अगं मावशी, पुढच्या महिन्यात स्कायडायव्हिंग करतोय. तेरा हजार फूट! काही टिप्स?" त्याला वाटलं असणार, मी भीतीबद्दल, खाण्यापिण्याबद्दल किंवा व्हिडिओच्या जादा पैशांबद्दल काही सांगेन. मी विचारलं, "नाक कसं आहे रे तुझं?"

असं विचारण्याचं कारण माझी स्वतःची पहिली उडी. परदेशात मारलेली, टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला पुढून बांधून घेऊन. दोन दिवसांपासून नाक जरासं चोंदलेलं होतं. सर्दी म्हणावी इतकं नाही, पण बोलताना 'म'चा 'ब' व्हायला लागला होता. रद्द केलं तर पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून गेले. वर जाताना काही त्रास नाही. खाली पडताना वाऱ्याच्या गोंगाटात काही कळलं नाही. पॅराशूट उघडलं, सगळं एकदम शांत झालं आणि उजव्या कानात कुणी विणायची सुई हळूहळू आत सारतंय असं वाटायला लागलं. तेवढ्यात प्रशिक्षकाने विचारलं, गोल गिरक्या घेऊ या का? मी अंगठा वर केला. नाही म्हणायला लाज वाटली. राहिलेलं काम त्या गिरक्यांनी केलं. त्याच रात्रीच्या विमानाने परतले आणि मुंबईला उतरताना ओढणीचा बोळा दातांत धरून बसले.

ठाण्यातल्या ईएनटी डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं, "पडद्यामागे रक्त साठलंय. फाटला नाही हे नशीब." पुढचे बारा दिवस उजव्या बाजूचं जग उशीतून ऐकल्यासारखं येत होतं. रिक्षावाला काय विचारतोय ते कळावं म्हणून मी मान वळवून डावा कान पुढे करायचे.

खाली लिहिलंय ते त्यानंतरच्या उड्यांमध्ये, डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांना प्रश्न विचारून विचारून जमवलेलं आहे. कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मेनिएरसारखा चक्करेचा आजार असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ईएनटीकडे जा. स्टेपीज नावाच्या कानातल्या हाडाचं ऑपरेशन झालेल्यांनी तर नक्कीच.

दडे का बसतात

पडद्यामागे मोठ्या वाटाण्याएवढी हवेची पोकळी असते, तो मध्यकर्ण. तिथून नाकाच्या मागच्या बाजूपर्यंत साडेतीन सेंटिमीटरची एक नळी जाते, युस्टेशियन नलिका. ती एरवी बंद असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा करते. कानात 'टक्' वाजतं ते तेव्हा.

वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि नळी ढकलून आपली आपण बाहेर पडते. उतरताना मात्र तसं होत नाही. बाहेरचा दाब वाढतो, आत पोकळी ओढली जाते आणि नळीचं मऊ तोंड त्या ओढीने आणखी घट्ट मिटतं. घट्ट मिल्कशेक जोरात ओढला की कागदी स्ट्रॉ कशी चपटी होते, तसंच. दाबातला फरक पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत गेला की नळी उघडणाऱ्या स्नायूंचा जोर संपतो. मग कितीही गिळा, ती उघडत नाही.

आता उडीचे आकडे पाहा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी असतो. ५,००० फुटांवर सुमारे ६३२, आणि १३,००० फुटांवर सुमारे ४६५. टँडम उडीत १३,००० वरून ५,००० फुटांपर्यंत ताशी सुमारे २०० किलोमीटरने पडायला पाऊण मिनिट लागतं. म्हणजे पाऊण मिनिटात १६७ मिमीचा फरक! प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतका खाली जाऊ दिलेला असतो आणि उतरताना तो पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू वाढवतात. त्यामुळे 'विमानात मला कधी काही होत नाही' हे वाक्य इथे फारसं कामाचं नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. खालची हवा दाट असते, म्हणून वरच्या हजार फुटांपेक्षा खालच्या हजार फुटांत दाब जास्त बदलतो. पॅराशूट उघडल्यावरच्या ५,००० फुटांत आणखी १२८ मिमी वाढतात. 'पॅराशूट उघडलं, आता निवांत' हे मनाला लागू आहे, कानाला नाही. पण इथे पाच-सहा मिनिटं हाताशी असतात आणि हात मोकळे असतात. सगळी मेहनत इथे करायची.

पाण्याशी तुलना केली तर १३,००० फुटांवरची अख्खी उडी म्हणजे साधारण चार मीटर खोल पाण्यात उतरणं. तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना हा दाब ओळखीचा असेल. (आदल्या दिवशी स्कूबा केलं असेल तर मात्र उडी नको. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, बरेच प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात.)

तीन-चार आठवडे आधी: घाटात सराव

कान उघडणं ही सवयीची गोष्ट आहे आणि ती हवेत शिकता येत नाही. घरी आरशासमोर शिकायची आणि घाटात तपासायची.

टॉयन्बी पद्धत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात सुरक्षित. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि गिळायचं. कान आत ओढल्यासारखे वाटतील. मग नाक सोडून पुन्हा एकदा गिळायचं. तोंड कोरडं असेल तर गिळता येत नाही, म्हणून पाण्याचा घोट घेऊन सराव करा.

वाल्साल्वा सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण चुकीची करतात. नाक धरून, तोंड मिटून, नाकातून हवा सोडायचा अगदी हलका प्रयत्न करायचा. हलका म्हणजे आरशावर फुंकर मारून वाफ धरवायला लागतो तेवढा. एक-दोन सेकंद, बस्स. गाल फुगत असतील तर हवा गालात जातेय, कानात नाही. गाल ताणून धरा. चेहरा लाल होईपर्यंत जोर लावणं धोक्याचं आहे, त्याने अंतर्कर्णाच्या, म्हणजे कानाच्या सगळ्यात आतल्या भागाच्या, नाजूक खिडकीला इजा होऊ शकते. बोलोन्याच्या आंतोनिओ वाल्साल्वाने १७०४ मध्ये ही युक्ती लिहून ठेवली ती कानातला पू बाहेर काढण्यासाठी. तेव्हा उड्या मारायला विमानंच नव्हती!

फ्रेन्झेल जरा अवघड आहे, पण एकदा जमली की बाकीच्या विसराल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वैमानिकांसाठी ती शिकवली गेली. नाक चिमटीत धरा. 'क' म्हणायच्या तयारीत जिभेचा मागचा भाग टाळूला टेकवा, पण 'क' म्हणू नका. श्वास रोखलेलाच ठेवा आणि जीभ दट्ट्यासारखी वर-मागे ढकला. छाती-पोटाचा काहीच संबंध नाही. बरोबर झालं तर नाकपुड्या चिमटीत किंचित फुगतात, बोटांना जाणवतं. मला हे जमायला तीन दिवस लागले. स्वयंपाकघरात भाजी परतताना एका हाताने नाक धरून मी 'क्-क्' करत होते आणि आई म्हणाली, "उचकी लागलीय का गं तुला?"

चौथी पद्धत, नाक न धरता: खालचा जबडा पुढे काढून एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवायचा आणि तोंड मिटून जांभई द्यायची. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्यात, हीच कामाला येते, कारण तिथे हात मोकळे नसतात.

एक कान हट्टी असतो, बहुतेकांचा असतोच. माझा उजवा. गिळताना तो कान आभाळाकडे जाईल अशी मान विरुद्ध बाजूला कलती करा. नळी थोडी ताणली जाते आणि सहज उघडते.

मग घाट. ठाणेकरांसाठी सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा म्हणजे माथेरान. कर्जत लोकल पकडून नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, एखादा चहा आणि त्याच रस्त्याने परत. अडीच हजार फूट वीसेक मिनिटांत खाली येता, म्हणजे सुमारे ६५ मिमीचा फरक. नवी मुंबईकरांना एक्स्प्रेस-वेने खंडाळ्याहून खोपोलीला उतरणं जवळ पडेल. तिथे फरक थोडा कमी मिळतो. अर्थात, गाडी चालवणाऱ्याने हे प्रयोग करायचे नाहीत. शेजारच्या सीटवर बसा.

उतरताना एकच नियम: कान दुखेपर्यंत थांबायचं नाही. वळणावळणाला, काही वाटत नसलं तरी, एकदा टॉयन्बी करायची. दोन्ही कानांत 'टक्' वेगवेगळं ऐकू येतं का, कुठला मागे राहतो, कुठल्या पद्धतीने तो सुटतो, हे लक्षात ठेवा. संपूर्ण उतारात एकदाही एक कान उघडला नाही तर उडीच्या आधी ईएनटीकडे जाऊन टिंपॅनोमेट्री करून घ्या. दोन मिनिटांची चाचणी आहे. कानात एक रबरी टोक ठेवतात, थोडा दाब देतात आणि कागदावर एक टेकडी उमटते. टेकडी मधोमध असेल तर ठीक. डावीकडे सरकली असेल तर आत हवेचा दाब कमी राहतोय. टेकडीच नसेल, सपाट रेघ असेल, तर आत पाणी असू शकतं किंवा पडद्याला भोक, आणि मग उडीचा विषय तिथेच थांबतो.

इनडोअर विंड टनेलमध्ये जाऊन आलेले काही जण म्हणतात की त्यांचा सराव झालाय. शरीर तोलायचा झाला असेल. कानाचा शून्य, कारण तिथे उंची बदलतच नाही.

आठवडाभर आधी

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना धुळीबद्दल मी काय सांगणार. ज्यांना बारमाही ॲलर्जी आहे, सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका येतात, त्यांच्या नळीचं तोंड आतून कायम थोडं सुजलेलं असतं. अशांना डॉक्टर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात. तो लगेच लागू पडत नाही, पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात. म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरांकडे धावण्यात अर्थ नाही.

जलनेती करत असाल तर चालू ठेवा, पण पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं थेट नको. २५० मिलिलिटरला अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ. उडीच्या दिवशी सकाळी मात्र नको, सायनसमध्ये उरलेलं पाणी ऐन वेळी त्रास देतं.

कानात मळ घट्ट बसला असेल तर आत्ताच काढून घ्या, डॉक्टरांकडून. मळ आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकली तर वेगळाच घोळ होतो. बड्सने मळ आत ढकलला जातो, हे सांगून सांगून डॉक्टर थकलेत. आणि हो, दाढेत अर्धवट सिमेंट भरलेलं असेल तर तेही पुरं करून घ्या. आत अडकलेली हवा फुगली की दात ठणकतो. याचा कानाशी संबंध नाही, पण सगळ्यांना तो कानच वाटतो.

सर्दी झाली तर

हा भाग शांतपणे वाचा, कारण कान इथेच वाचतो किंवा जातो.

नाक दोन्ही बाजूंनी बंद, घसा खवखवतोय, ताप आहे: उडी रद्द. यावर चर्चा नाही. 'विक्स लावून, वाफ घेऊन जाईन' हेसुद्धा नाही. वाफेने बरं वाटतं, पण त्याने नळीची सूज उतरत नाही.

सर्दी चार दिवसांपूर्वी बरी झाली असेल तर? नाक मोकळं झालं तरी नळीची सूज त्यानंतर आठवडाभर, कधी दोन आठवडे राहते. इथे नाकावर विश्वास ठेवू नका, 'टक्'वर ठेवा. सकाळी उठल्यावर, काही न घेता, नाक धरून गिळा. दोन्ही कान सहज उघडले तर पुढचा विचार करा. एक जरी अडला तर फोन करून तारीख पुढे ढकला. बुकिंग करतानाच तारीख बदलण्याचे नियम विचारून घ्या, म्हणजे त्या सकाळी पैसे आणि कान असं तोलत बसावं लागणार नाही. मी तोललं होतं आणि कान हलका पडला.

आता स्प्रेबद्दल. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे दुकानात सहज मिळतो आणि उडी मारणाऱ्यांत त्याची बरीच चलती आहे. निरोगी नाक, फक्त एक कान हट्टी, अशा माणसाने विमानात बसण्याच्या अर्धा तास आधी तो घेतला तर मदत होते. मान किंचित पुढे झुकवून, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरायची. एकदा मारा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा एकदा. सलग तीन दिवसांहून जास्त नाही. नाहीतर नाक औषधाशिवाय उघडेनासं होतं. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

पण भरलेल्या सर्दीवर स्प्रे मारून वर जाणं ही वेगळी चूक आहे. औषधाने नळी उघडली, वर पोचलात, हवामानामुळे विमान घिरट्या घालत राहिलं, परिणाम ओसरला, की मग खाली यायचा रस्ता एकच उरतो आणि तो कानातून जातो. सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून उडीच्या दिवशी पहिल्यांदाच कुठली गोळी घेऊन बघू नका. परदेशी जात असाल तर खोकल्याच्या औषधाची बाटली बॅगेत टाकण्याआधी लेबल वाचा. कोडीन असलेलं औषध संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाही.

उडीच्या दिवशी

प्रशिक्षकाशी दोन मिनिटं बोला. लाजू नका, त्यांना रोज असे दहा कान भेटतात. तीन गोष्टी ठरवून घ्या. एक, कान दुखला तर हाताची खूण काय करायची. दोन, पॅराशूट उघडल्यावर गिरक्या नकोत. साधं टँडम पॅराशूट मिनिटाला साधारण हजार फूट उतरतं. घट्ट गिरकीत हेच हजार फूट काही सेकंदांत जातात आणि कानाला सावरायला वेळच मिळत नाही. तीन, नाकाला हात कधी लावू शकते. 'पॅराशूट तपासून झालं की मी सांगेन, मग लावा,' असं उत्तर मिळेल. ते पाळा.

पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. पाणी भरपूर प्या. कोरड्या घशाने गिळता येत नाही, हे वर आलंच आहे.

विमान चढताना पंधरा-वीस मिनिटं लागतात. कान आपोआप 'टक्' करत मोकळे होतात. इथे वाल्साल्वा करू नका, आधीच आत हवा जास्त आहे, तुम्ही आणखी भरताय. फक्त गिळा. चघळायला गोळी तोंडात ठेवायची असेल तर दार उघडायच्या बरंच आधी ती संपलेली असावी. उडी मारताना तोंडात काहीही नको, घशात अडकेल. इंजिनाच्या आवाजासाठी फोमचे इअरप्लग घातले असतील तर उडीपूर्वी काढा. घट्ट बसलेला प्लग आणि पडदा यांच्यामध्ये पोकळी राहते आणि बाहेरून वेगळाच ताण येतो. कापसाचा बोळाही नको. दाब हळूहळू बदलणारे खास प्लग विकत मिळतात, पण पाऊण मिनिटाच्या पडण्यात त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

वर जातानाच एक कान दुखायला लागला आणि गिळूनही सुटला नाही तर प्रशिक्षकाला तेव्हाच सांगा. विमानासोबत खाली येता येतं. त्यात अपमान काही नाही. विमान हळू उतरवायला वैमानिकाला सांगितलं की तो समजतो.

दार उघडलं, वारा आत घुसला, की एक घोट गिळा आणि निघा.

फ्रीफॉलबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हात नाकाकडे न्यायचे नाहीत. एक हात आत घेतला की दोघंही वळायला लागता. जबडा पुढे काढा, फिरवा, गिळा. तोंड उघडं ठेवून वारा आत घेऊ नका, घसा क्षणात सुकतो. ओरडायचं असेल तर ओरडा. ओरडताना जबडा हलतो आणि कान उघडायला ती मदतच होते. स्वतः एकट्याने उडी मारायला शिकत असाल तर कानापेक्षा अल्टिमीटर महत्त्वाचा. कान दुखला म्हणून उंची बघायची विसरलात असं होता कामा नये.

पॅराशूटखालची पाच मिनिटं

पॅराशूट उघडताना एक झटका बसतो आणि मग जी शांतता येते, ती पहिल्यांदा फार विचित्र वाटते. बहुतेकांना कान बंद झालेत हे इथेच कळतं. घाबरू नका आणि लगेच नाक धरून जोर लावू नका. आधी गिळा, दोनदा. मग प्रशिक्षकाची परवानगी मिळाली की नाक धरा, टॉयन्बी, नाक सोडून पुन्हा गिळा. सुटलं नाही तर मान कलती करून फ्रेन्झेल किंवा हलकी वाल्साल्वा. चार-पाच सेकंद थांबून पुन्हा. लागोपाठ दहा वेळा फुंकण्यापेक्षा दर थोड्या वेळाने एकदा गिळणं जास्त लागू पडतं, कारण दाब सतत वाढतच असतो.

कान सुटला तरी थांबू नका. खालच्या हजारा-हजाराला फरक जास्त, हे लक्षात आहे ना? जमिनीपासून हजार फुटांवर आलात की कान सोडून द्या आणि पाय वर घ्यायच्या सूचनेकडे लक्ष द्या. बंद कानामुळे ती सूचना नीट ऐकू येणार नसेल तर आधीच सांगून ठेवा, खांद्यावर थाप मारतील. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट वापरणाऱ्यांनी काच वर करून नाकापर्यंत हातमोज्यासकट बोटं पोचतात का, हे जमिनीवरच बघून घ्यावं.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली होती. ते फोटो पाहून आमच्या घरात सगळ्या बायका साडीच्या काष्ट्याबद्दल बोलत होत्या. मी एकटीच विचार करत होते की नाकात नथ असताना नाक चिमटीत कसं धरायचं.

उतरल्यावर

कान गच्च वाटणं, आपलाच आवाज डोक्यात घुमणं, हे तासा-दोन तासांत जातं. चहा प्या, गिळत राहा, जांभया द्या. भुवईवर दुखत असेल तर तो सायनसचा ताण. नाक शिंकरल्यावर रक्ताचा एखादा धागा दिसला तर तोही बहुतेक तिथलाच. डॉक्टरांच्या कानावर घाला, पण लगेच हादरू नका.

कानात काही घालायचं नाही. आमच्याकडे लसूण घालून कोमट केलेलं तेल हा कानावरचा सर्वमान्य उपाय आहे आणि माझ्या उशाशी ती वाटी आलीसुद्धा होती. पडद्याला भोक पडलं असेल तर ते तेल सरळ मध्यकर्णात जातं. कान कोरडा ठेवा, डोक्यावरून अंघोळ नको, पोहणं नको.

एक साधी परीक्षा घरी करता येते. तोंड मिटून 'म्म्म्' असा सूर धरा. आवाज बंद कानात जास्त घुमत असेल तर अडचण बहुधा पडद्याची किंवा मागच्या पोकळीची, जी वेळ घेऊन सुधारते. आवाज चांगल्या कानाकडे सरकत असेल तर अंतर्कर्णाला धक्का बसलेला असू शकतो, आणि ते थांबण्यासारखं नाही. त्याच दिवशी ईएनटी गाठा. कानातून रक्त किंवा पाणी आलं, एकदम ऐकू येईनासं झालं, भोवळ येऊन उलट्या झाल्या, नवीन शिट्टीसारखा आवाज बसला, तरीही तेच, रात्र असली तरी. अंतर्कर्णाच्या दुखापतीत पहिले एक-दोन दिवस मोलाचे असतात. यातलं काही नसेल पण चोवीस तासांनंतरही दुखतंय किंवा दडा सुटला नाही, तर दुसऱ्या दिवशी दाखवून या.

बंद कानाने विमानात बसू नका. उडी आणि परतीचं विमान यांत किमान एक पूर्ण दिवस ठेवून तिकीट काढा. जावंच लागलं तर विमान उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी स्प्रे घ्या आणि जागे राहा. झोपेत माणूस कमी गिळतो आणि कान तिथेच अडकतो.

पुन्हा उडी कधी? डॉक्टरांनी पडदा बघून हो म्हटल्यावर, आणि त्यानंतर एक घाट उतरून बघितल्यावर. माझा कान बरा झाला तेव्हा मी एका मंगळवारी एकटीच नेरळला गेले. उतरताना टॅक्सीत पुढच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणाला नाक धरून गिळत होते. जुम्मापट्टीच्या आधी डावा सुटला. उजवा गप्पच. ड्रायव्हर दोनदा माझ्याकडे बघून शेवटी म्हणाला, "ताई, मळमळत असेल तर थांबवू का?" मी मान डावीकडे कलती केली, 'क'साठी जीभ मागे नेली, आणि खालच्या वळणावर उजव्या कानात टक् झालं.